गोळी पोटात, ऊन चेहऱ्यावर

लग्नाचे मुहूर्त सुरू झाले की मेडिकलच्या काउंटरवर एक प्रश्न हमखास येतो. "ती पाण्यात टाकून प्यायची ग्लुटाथिओनची गोळी आहे का हो?" रंग उजळतो म्हणून खपणारी ही गोळी. विचारणारी कधी नवरी असते, कधी नवरीची आई, आणि हल्ली नवरदेवही लाजत नाही. ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या दुकानात पूर्वी ज्या फळीवर कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या असायच्या, तिथे आता 'स्किन', 'ग्लो', 'यूथ' अशी नावं मिरवणाऱ्या गुलाबी-केशरी बाटल्या उभ्या आहेत. महिन्याचा खर्च सहज हजार-दीड हजाराच्या घरात. बीपीची गोळी घेताना "स्वस्तातली कंपनी द्या" म्हणणारी माणसं इथे किंमत न विचारता पैसे मोजतात, याची मला कायम गंमत वाटते.

या बाटल्यांवर जे छापलेलं असतं ते सगळंच थापा नसतं. क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व, बीटा कॅरोटीन, ग्रीन टीचा अर्क हे सगळे अँटिऑक्सिडंट आहेत आणि परीक्षानळीत ते आपलं काम चोख करतात. अडचण परीक्षानळीच्या बाहेर सुरू होते. गिळलेली गोष्ट कातडीपर्यंत किती पोचते? आणि पोचली तरी तिथे तिची कमतरता होती का?

आधी मूळ भानगड समजून घेऊ. आपल्या पेशी प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करतात. या उद्योगात काही रेणू असे निघतात की त्यांच्यातल्या एका इलेक्ट्रॉनला जोडीदार नसतो. हे फ्री रॅडिकल. जोडी जमवण्यासाठी ते शेजारच्या रेणूतला इलेक्ट्रॉन हिसकावतात, मग तो शेजारी बिघडतो, तो पुढच्याचा हिसकावतो. स्निग्ध पदार्थ, प्रथिनं, डीएनए, कोणीही तावडीत सापडू शकतं. डेनहॅम हार्मन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५६ मध्ये मांडलं की म्हातारपण म्हणजे ही मोडतोड वर्षानुवर्षं साचत जाणं. कल्पना इतकी सुटसुटीत होती की पुढचं पाऊल कोणालाही सुचावं: फ्री रॅडिकलला इलेक्ट्रॉन देऊन शांत करणारे पदार्थ, म्हणजेच अँटिऑक्सिडंट, भरपूर खा, म्हातारपण लांबवा. बाटल्यांचा सगळा बाजार या एका वाक्यावर उभा आहे.

पण शरीर काही गोळीची वाट बघत बसलेलं नसतं. त्याची स्वतःची यंत्रणा आहे. सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटॅलेज अशी एन्झाइम पेशीतच तयार होतात आणि फ्री रॅडिकलचा मोठा भाग तीच निकालात काढतात. उरलेल्यांसाठी साखळी आहे. पेशीच्या आवरणात बसलेलं ई जीवनसत्त्व आपला इलेक्ट्रॉन देऊन टाकतं, पण मग त्याचीच झोळी रिकामी होते. ती क जीवनसत्त्व भरतं. क जीवनसत्त्वाची ग्लुटाथिओन भरतं. ग्लुटाथिओनची भरपाई पेशी स्वतःच्या ऊर्जेतून करते. चाळीतल्या उसनवारीसारखा हा कारभार आहे: एकाच घरी साखरेचं पोतं आणून टाकलं म्हणून शेजारच्या घरातली तेलाची बाटली भरत नाही. एकच अँटिऑक्सिडंट मोठ्या डोसमध्ये घेऊन फारसं का साधत नाही, त्याचं एक कारण हे.

शिवाय फ्री रॅडिकल म्हणजे नुसते गुंडही नव्हेत. पांढऱ्या पेशी जंतू मारायला तेच वापरतात. व्यायाम केल्यावर स्नायूंत जे थोडे जास्त फ्री रॅडिकल तयार होतात, तो शरीराला "तयारी वाढव" असा निरोप असतो. जर्मनीत २००९ मध्ये तरुणांवर एक प्रयोग झाला. चार आठवडे सगळ्यांनी व्यायाम केला आणि त्यातल्या काहींना रोज १००० मिलिग्रॅम क आणि ४०० युनिट ई जीवनसत्त्व दिलं. ज्यांनी गोळ्या घेतल्या नाहीत, त्यांच्यात इन्सुलिनचा परिणाम सुधारला. ज्यांनी घेतल्या, त्यांच्यात ती सुधारणा दिसलीच नाही. निरोपच मध्ये अडवला गेला. उपवनला पहाटे पळून येणाऱ्यांनी घरी आल्या आल्या मोठ्या डोसच्या गोळ्या गिळण्याआधी हे लक्षात घ्यावं.

आता कातडीचं. बाकीचे अवयव आतल्या धुमसण्याला तोंड देतात, कातडीला वरून ऊनही झेलावं लागतं. उन्हातले अतिनील किरण कामापुरते दोन प्रकारचे. यूव्हीबी वरच्या थरात अडतात आणि कातडी भाजतात, लाल करतात. यूव्हीए खोल, जिथे कोलॅजेनचे, म्हणजे कातडीला घट्ट धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचे, धागे असतात त्या थरापर्यंत जातात. तिथे फ्री रॅडिकल तयार होतात, पेशींना चुकीचा इशारा जातो आणि कोलॅजेन कापणारी एन्झाइम कामाला लागतात. रोज थोडं कापलं जातं, दुरुस्ती अर्धीमुर्धी होते. सुरकुत्या, सैलपणा, काळे डाग यांचा मोठा वाटा इथून येतो. वय वाढल्याने कातडी पातळ आणि कोरडी होतेच, पण गालावरची कातडी दंडाच्या आतल्या बाजूच्या कातडीशी ताडून पाहा. दोन्हींचं वय एकच आहे.

यूव्हीए साध्या काचेतूनही येतात. २०१२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. २८ वर्षं त्याने ट्रक चालवला आणि खिडकीकडची, म्हणजे त्यांच्याकडे डावी, बाजू उजव्या बाजूपेक्षा कितीतरी अधिक सुरकुतलेली. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे घोडबंदर रोडवर रोज सकाळ-संध्याकाळ गाडीत अडकणाऱ्यांनी आरशात उजवा गाल पाहावा. पुढची काच बरेच यूव्हीए अडवते, बाजूची अडवेलच असं नाही. एसी चालू आहे म्हणून ऊन लागत नाही, हा समज त्या काचेतून आरपार जातो.

घोडबंदरचं नाव निघालंच आहे तर धुराचंही सांगते. जर्मन महिलांवर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वाहनांच्या धुरातले कण जास्त असलेल्या भागात राहणाऱ्यांच्या कपाळावर आणि गालावर साधारण २० टक्के अधिक डाग आढळले. ट्रक-टँकरच्या मागे स्कूटीवरून जाणाऱ्या मुली नाका-कपाळापर्यंत स्कार्फ गुंडाळतात, त्यावर पुरुष मंडळी विनोद करतात. करू देत. त्या स्कार्फची बरोबरी करणारी बाटली आमच्या फळीवर नाही.

गोळीने कातडीचं वय थांबतं का, हे तपासणारा मला सर्वांत आवडणारा प्रयोग ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या नँबर नावाच्या गावातला आहे. आवडायचं कारण असं की त्यात गोळी आणि मलम एकाच वेळी, एकाच गावातल्या माणसांवर तपासले. ५५ वर्षांखालचे ९०३ जण. चिठ्ठ्या टाकाव्या तसे चार गट पाडले. काहींना रोज सकाळी चेहरा, मान, हात यांना सनस्क्रीन लावायला सांगितलं, काहींना "नेहमी लावता तसं लावा" म्हटलं. त्याच वेळी काहींना रोज ३० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीनची गोळी आणि काहींना तशीच दिसणारी खोटी गोळी. साडेचार वर्षं हे चाललं. सुरुवातीला आणि शेवटी प्रत्येकाच्या पंजाच्या मागच्या बाजूचा सिलिकॉनचा ठसा घेतला. त्यात कातडीवरच्या बारीक रेघा स्पष्ट उमटतात. ठसे तपासणाऱ्याला कोणता माणूस कोणत्या गटातला, हे माहीत नव्हतं.

२०१३ मध्ये निकाल छापून आला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची कातडी दुसऱ्या गटापेक्षा २४ टक्के कमी म्हातारी झाली होती. बीटा कॅरोटीनचा काही परिणाम दिसला नाही. ती माणसं गोरी होती, त्यांचं ऊन वेगळं आणि आपल्या कातडीत मेलॅनिन या रंगद्रव्याचं छत्र जास्त, हे मान्य. पण नुसतं "खाल्लेलं अँटिऑक्सिडंट कातडीला तरुण ठेवतं" एवढंच म्हणणाऱ्याला या प्रयोगाकडे काणाडोळा करता येणार नाही.

मग गोळीचा उपयोग अजिबातच नाही? थोडा आहे, आणि तो थोडा म्हणजे किती हे बघण्यासारखं आहे. १९९८ च्या एका छोट्या जर्मन अभ्यासात आठ दिवस रोज दोन ग्रॅम क आणि १००० युनिट ई जीवनसत्त्व दिल्यावर कातडी लाल व्हायला आधीपेक्षा साधारण २० टक्के जास्त अतिनील किरण लागले. सनस्क्रीनच्या हिशेबात मांडलं तर एसपीएफ, म्हणजे लाली येण्याआधी कातडी किती पट ऊन झेलते तो आकडा, १.२. नळीवर ३० लिहिलेलं असतं, तिथे सव्वासुद्धा नाही. तेही भारी डोस घेऊन.

टोमॅटोचं थोडं बरं आहे. २००१ मध्ये काही जणांना रोज ४० ग्रॅम टोमॅटो पेस्ट ऑलिव्ह तेलाबरोबर खायला दिली. दहा आठवड्यांनी त्यांच्या कातडीवर उन्हाने येणारी लाली दुसऱ्या गटापेक्षा ४० टक्के कमी होती. इथे काम करणारा लायकोपीन हा घटक शिजवल्यावर आणि तेलासोबत चांगला शोषला जातो. कच्च्या कोशिंबिरीपेक्षा फोडणीतला टोमॅटो इथे सरस. हाही काही सनस्क्रीनचा पर्याय नव्हे, पण जेवणाचा भागच असल्याने वेगळे पैसे लागत नाहीत.

क जीवनसत्त्वाबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त खप त्याचा. कोलॅजेनचे धागे एकमेकांत नीट गुंफले जायला ते लागतंच. ते नसेल तर स्कर्व्ही होतो: हिरड्यांतून रक्त, जुन्या जखमा उकलणं. जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने १७४७ मध्येच संत्री-लिंबांनी खलाशी बरे करून दाखवले होते. तेव्हा "क जीवनसत्त्व कोलॅजेनसाठी आवश्यक" हे बाटलीवरचं वाक्य शंभर टक्के खरं. त्यातून जे सुचवलं जातं ते खरं नाही. आवश्यक असणं आणि जास्त घेतल्याने जास्त होणं या वेगळ्या गोष्टी. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या शिफारशीनुसार पुरुषाला दिवसाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम लागतं. दिवसाला २०० ते ४०० मिलिग्रॅमच्या आसपास रक्तातली पातळी जवळजवळ भरून जाते, त्यापुढचं आतडं कमी शोषतं आणि मूत्रपिंड बाहेर टाकतं. १०० ग्रॅम पेरूमध्ये २०० मिलिग्रॅमहून जास्त क जीवनसत्त्व असतं. जांभळी नाक्यावरून घेतलेला एक मध्यम पेरू तिखट-मीठ लावून खाल्ला की दिवसाचं खातं बंद. वर १००० मिलिग्रॅमची फसफसणारी गोळी घेतली तर ती मुख्यतः ठाणे महापालिकेच्या मलनिःसारण वाहिनीला मिळते. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी तर मोठ्या डोसच्या वाटेला जाऊच नये, कारण जास्तीच्या क जीवनसत्त्वाचं शरीरात ऑक्झलेट होतं.

चेहऱ्यावर लावायचं क जीवनसत्त्वाचं सीरम हा वेगळा विषय. तिथे ते थेट कातडीला मिळतं, आणि १० ते २० टक्के तीव्रतेची, नीट आम्ल राखलेली सीरम काही प्रमाणात काम करतात. बाटलीतलं द्रव तपकिरी झालं की ते आधीच खराब झालेलं असतं, आणि आपल्या दमट हवेत बाथरूमच्या फळीवर ते लवकर होतं.

ग्लुटाथिओन. याचे ग्राहक "तरुण" दिसण्यापेक्षा "उजळ" दिसायला येतात, हे स्पष्टच बोललेलं बरं. ग्लुटाथिओन तीन अमिनो आम्लांचा छोटा साखळीरेणू आहे. गिळला की पोटात-आतड्यात त्याचा बराचसा भाग तुटतो. तोंडावाटे घेऊन थोडा उजळपणा आल्याचे अभ्यास आहेत, पण ते छोटे आणि थोड्या आठवड्यांचे. पोटाची अडचण टाळायला काही ठिकाणी तेच शिरेतून देतात, आणि खरी काळजी तिथे आहे. रंग उजळण्यासाठी शिरेतून ग्लुटाथिओन देण्याविरुद्ध फिलिपिन्सच्या औषध प्रशासनाने जाहीर इशारा दिलेला आहे: यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड, अंगावर उठणाऱ्या गंभीर ॲलर्जी, ही यादी लग्नाच्या तोंडावर परवडणारी नाही. सावळी मुलगी सावळीच सुंदर दिसते, असं मी काउंटरवरून म्हणते तेव्हा आया माझ्याकडे असं बघतात की जणू मला धंदा कळत नाही.

आता बाटली उलटी करा. मागच्या बाजूला बारीक अक्षरात 'हेल्थ सप्लिमेंट' असतं, एफएसएसएआय या आपल्या अन्नसुरक्षा संस्थेचा १४ आकडी परवाना क्रमांक असतो आणि 'औषधी वापरासाठी नाही' या अर्थाचं इंग्रजी वाक्य असतं. म्हणजे कायद्याच्या नजरेत हे खाणं आहे, औषध नाही. औषध बाजारात आणताना त्याचा गुण सिद्ध करून दाखवावा लागतो, तसं याचं नसतं.

बाटलीवरच्या घटकांच्या यादीतल्या काही नावांशी मात्र सांभाळूनच वागावं. बीटा कॅरोटीन, विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या प्रयोगात ते घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के वाढला. हे १९९४ चं. अमेरिकेतला तशाच प्रकारचा प्रयोग १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावा लागला. फ्रान्समध्ये तर क, ई, बीटा कॅरोटीन, सेलेनियम आणि झिंक अशी आजच्या 'ग्लो' गोळीची सख्खी बहीण शोभेल अशी कॅप्सूल वर्षानुवर्षं दिली, आणि २००७ मध्ये दिसलं की ती घेणाऱ्या स्त्रियांमध्ये त्वचेचा कर्करोग कमी नव्हे, जास्त होता. ई जीवनसत्त्व रोज ४०० युनिट घेणाऱ्या पुरुषांमध्ये प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्के वाढला, हे अमेरिकेतल्या ३५ हजारांवर पुरुषांच्या प्रयोगातून २०११ मध्ये समोर आलं. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर तेच ई जीवनसत्त्व रक्तस्राव वाढवू शकतं. (ती हिरवी मऊ कॅप्सूल टाचणीने फोडून चेहऱ्याला चोळणाऱ्यांनीही जपावं. काहींना त्याने पुरळ उठतं, आणि मग त्या पुरळावरचं मलम घ्यायला ती माझ्याकडेच येतात.) ग्रीन टीचा कप निर्धास्त प्या, पण अर्काच्या गोळीतून ईजीसीजी हा घटक दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक गेला की यकृताला त्रास होण्याची चिन्हं दिसतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये म्हटलं. सेलेनियम जास्त झालं तर केस गळतात, नखं तुटतात. ज्यासाठी घेतलं त्याच्या नेमकं उलट. आणि अ जीवनसत्त्व, म्हणजे रेटिनॉल, मोठ्या डोसमध्ये गर्भाला घातक आहे. मूल हवं म्हणून प्रयत्न चालू असतील तर ही गोष्ट आधी डॉक्टरांना सांगायची.

केस-त्वचा-नखांच्या गोळ्यांत अँटिऑक्सिडंटच्या जोडीला बायोटिन हे ब गटातलं जीवनसत्त्व असतंच, बऱ्याचदा गरजेच्या शेकडो पट. आमच्याकडे नेहमी येणाऱ्या एक काकू एकदा थायरॉइडचा रिपोर्ट घेऊन आल्या. रिपोर्टनुसार त्यांची थायरॉइड ग्रंथी भलतीच जोरात चालत होती. पण काकू जशा होत्या तशाच होत्या: धडधड नाही, वजन कमी झालेलं नाही, हात थरथरत नव्हते. नवीन काय चालू केलंय असं विचारल्यावर पर्समधून गुलाबी गमीची बाटली निघाली, मुलीने वाढदिवसाला दिलेली. बायोटिन अनेक प्रयोगशाळांमधल्या तपासणीच्या रसायनांतच लुडबुड करतं आणि आकडे खोटे येतात. काकूंनी डॉक्टरांना बाटली दाखवली, ती बंद करून काही दिवसांनी तपासणी पुन्हा केली, आणि आकडे जागेवर आले. हृदयविकाराच्या झटक्यात करायच्या ट्रोपोनिन तपासणीतही अशी गफलत होऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, २०१७ मध्ये त्याबद्दल इशारा दिला होता.

खाण्यातल्या अँटिऑक्सिडंटचं काय? येऊरच्या बाया पाटीत घेऊन बसतात ती जांभळं, करवंदं, शिवाय कोकम, आवळा, लाल माठ, हे सगळं भरपूर खावं. पण कोणत्या फळात किती 'अँटिऑक्सिडंट ताकद' असे तक्ते पाहून नव्हे. अमेरिकेच्या कृषी खात्याने तसा तक्ता वेबसाइटवर ठेवला होता, आणि परीक्षानळीतली ताकद शरीरात लागू पडत नाही, उलट कंपन्या त्याचा जाहिरातीत वापर करतात, म्हणून २०१२ मध्ये तो काढूनही टाकला. फळात तंतू असतात, पाणी असतं, शेकडो संयुगं थोड्या थोड्या प्रमाणात असतात. त्यातलं एकच उचलून दहापट केलं की ते फळ राहत नाही.

उन्हाचा बंदोबस्त मात्र रोजचा. ठाण्यात मेच्या मध्यावर सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. सनस्क्रीन चेहरा-मानेसाठी दोन बोटांवर लांब रेघ येईल एवढं लागतं. वाटाण्याएवढं लावून नळीवरचा आकडा मिळत नाही. घामाच्या धारा लागतात तिथे छत्री, पूर्ण बाह्या आणि स्कार्फ जास्त भरवशाचे. ज्यांना वांग आहेत त्यांनी रंगीत, म्हणजे आयर्न ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन मागावं, कारण सावळ्या कातडीवर नुसत्या दिसणाऱ्या उजेडानेही डाग गडद होतात आणि साधं पांढरं सनस्क्रीन तो उजेड अडवत नाही.

"चेहरा निस्तेज झालाय" म्हणून ग्लोची बाटली मागणाऱ्या बाईच्या खालच्या पापणीची आतली बाजू मी आधी बघते. ती फिकट असेल तर बाटली परत फळीवर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. फिकटपणा, गळणारे केस, दम लागणं, डोळ्यांखालचं काळेपण, या तक्रारी घेऊन ज्या अँटिऑक्सिडंट शोधत येतात, त्यांच्यापैकी कितीजणींना खरं तर हिमोग्लोबिनची तपासणी हवी असते. ती ग्लोच्या बाटलीपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. हिमोग्लोबिन कमी निघालं तर डॉक्टर लोहाची गोळी देतात. ती चहाबरोबर घ्यायची नाही, चहातली टॅनिन लोह अडवतात. लिंबूपाण्याबरोबर घ्यायची किंवा सोबत पेरूच्या दोन फोडी खायच्या. क जीवनसत्त्वाने लोह आतड्यात चांगलं शोषलं जातं.